गळालेला ‘द’

नवे दात बसवून आठवडाही झाला नव्हता आणि मी भर वर्गात देवाचा शब्द खाल्ला. खाल्ला हे बोलायची रीत म्हणून सांगत नाही, मधलं एक अक्षर खरंच गिळून टाकलं. लायब्ररीच्या माडीवर, जिथे जुनी मासिकं सुतळीने बांधून भिंतीशी रचलेली असतात, तिथे बुधवारी दुपारी आम्ही पाच-सहा म्हातारी डोकी हिब्रू शिकायला बसतो. शिकवणारे गृहस्थ जन्मभर चष्मे विकत आले, म्हणून त्यांचं नाव चष्मेवाले. तुम्हाला हिब्रू कशी काय येते, असं विचारलं की म्हणतात, दुकानात गिऱ्हाईक नसायचं. मी तिथे गेले ती काही पुण्य जोडायला नाही. कोणीतरी सांगितलं होतं की बायबलातल्या त्या जुन्या संदेष्ट्यांच्या लिखाणात चाकांना डोळे असतात, वाळलेली हाडं खडखडत उठून उभी राहतात, एक जण तर माशाच्या पोटात बसून प्रार्थना रचतो. म्हटलं, चला, आपल्या पंथातली माणसं दिसतात. मी जन्मभर थापा मारत आले, पण मला मेलीला कधी सोनेरी कडांची पानं मिळाली नाहीत. वर्गात बसल्यावर कळलं की हे लोक चाकांवर आणि हाडांवर फार वेळ थांबतच नाहीत. जरा रंग भरला की लगेच वळतात विधवेकडे, पोरक्याकडे, वेशीत बसून लाच खाणाऱ्या पंचांकडे. मला वाटायचं, असला माणूस वरच्या मजल्यावर राहायला आला तर आपल्यालाच बिऱ्हाड हलवावं लागेल.

त्या दिवशी वाचायची पाळी माझी होती. ओळ होती एका मळ्याची. मालकाने मळा लावला, दगड वेचले, राखण केली आणि गोड फळाची वाट बघत बसला. शेवटी तो लिहिणारा दोन शब्द शेजारीशेजारी ठेवतो. मालकाला हवी होती त्सेदाका, म्हणजे नीतीने वागणं, ज्याचं त्याला न्याय्य ते देणं. मळ्यातून आली त्सेआका, म्हणजे किंकाळी. मी वाचलं तर दोन्ही वेळा त्सेआकाच. जीभ सवयीने वरच्या दातांमागे टेकायला गेली, तिथे कवळीची गुळगुळीत गुलाबी भिंत, आणि ‘द’ तिच्यावरून घसरून घशात गेला. घरीही हेच चाललं होतं. दाराला आर, दुधाला ऊध, आणि नात हसून हसून सोफ्यावर लोळायची. म्हणून वर्ग हसायच्या आधी मीच हसायची तयारी केली होती. पण चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत घातला. म्हणाले, “बाई, चुकलात, पण फार चांगल्या जागी चुकलात. दोन शब्दांत फरक त्या एका अक्षराचाच आहे. त्याला हेच म्हणायचंय, की मालक कान देऊन बसला होता एक शब्द ऐकायला, आणि त्याला ऐकू आला दुसरा. लांबून दोन्ही सारखेच वाटतात.”

पुलांची कामं करून निवृत्त झालेला आमच्यातला इंजिनियर लगेच म्हणाला की मग शहाणा माणूस कोण, ज्याला फरक कळतो तो का. चष्मेवाले म्हणाले, कळून काय उपयोग. मग त्यांनी त्या राजाची गोष्ट सांगितली, जो स्वतःसाठी मोठमोठ्या खिडक्यांचा, देवदाराच्या लाकडाचा वाडा बांधत होता. संदेष्टा त्याला जाऊन सुनावतो की अरे, तुझा बापही खात-पीत होताच, पण गरिबाचं गाऱ्हाणं आलं की तो ऐकून निवाडा करायचा, आणि देवाला ओळखणं म्हणतात ते यालाच. त्या भाषेत ओळखणं हे डोक्यात नसतं, चष्मेवाले म्हणाले, हातापायांत असतं. मी वहीच्या कोपऱ्यात माशाचं चित्र काढत होते. पेन्सिल तिथेच थांबली. 

कारण सोमवारी सकाळी मी किंकाळी ऐकली होती. लायब्ररीतून घरी येताना फुटपाथच्या कडेने, भिंतीला हात लावत चालताना ती माझ्या कानात पुन्हापुन्हा येत होती. रस्त्यात कोणी पत्र्याचं शटर ओढलं तरी तीच, बसने ब्रेक मारला तरी तीच. तोवर तीन दिवस मी तिच्यावर बाकीचे आवाज रचून ठेवले होते, लायब्ररीवाले मासिकं रचतात तसे. आमची खोली आणि शेजारच्या कॅप्टनची झोपायची खोली यांच्यामध्ये एकच पातळ भिंत आहे, तिच्यात खिळा ठोकला तर पलीकडच्याचा शर्ट टांगता येईल. सोमवारी मुलगा कामाला गेलेला, सूनबाई न्हाणीघरात, नात कॉलेजात, आणि मी ग्लासातले दात काढून तोंडात बसवत होते. पलीकडे खुर्ची घासली. कॅप्टनच्या मुलीचा, हेडबाईंचा आवाज आला, शब्द कळले नाहीत. मग किंकाळी. मग काहीतरी जड पडलं, आणि आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर हललं. त्यानंतर काहीच नाही. ते काहीच नाही फार लांब चाललं. मग लिफ्टचा दरवाजा वाजला, पावलं आली, आणि कॅप्टनच्या दाराची बेल वाजली. दार उघडल्यावर त्यांना सांभाळणाऱ्या सिस्टरचा आवाज आला, अगं बाई, हे कसं झालं. आधी किंकाळी, मग बेल. हा क्रम मी त्या वेळी काही मुद्दाम लक्षात ठेवला नाही. तो आपोआप बसला, तोंडात कवळी बसते तसा, आणि मग काढू म्हटलं तरी निघेना.

दुपारपर्यंत सगळ्या बिल्डिंगला कळलं की सिस्टरच्या हातून कॅप्टन पडले. मनगट मोडलं, गालाला टाके पडले, म्हातारा हॉस्पिटलात. हेडबाईंनी सांगितलं की त्या स्वयंपाकघरात होत्या, सिस्टर बाबांना पलंगावरून उठवत होती, हात सुटला. सिस्टरने सांगितलं की ती आली तेव्हा ते जमिनीवरच होते. आता सिस्टर म्हणजे काही शिकलेली नर्स नव्हे. पांढरे बूट घालते म्हणून सगळे सिस्टर म्हणायला लागले, आणि ती हो म्हणायला लागली. दिवसभर कॅप्टनला सांभाळायची, संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावर व्हायोलिन शिकवणाऱ्या मास्तरांच्या आईला न्हाऊ घालायची, मध्ये जिन्यात बसून स्वतःचा डबा खायची. तिच्या घरच्या तिघांचं पोट या एका फाटकातून आत येण्यावर चालायचं. आणि हेडबाई म्हणजे हेडबाई. अर्धी बिल्डिंग त्यांच्या शाळेतून शिकून मोठी झालेली. अजून त्या जिन्यातून उतरताना पन्नाशीची माणसं शर्ट खोचतात. कोणाचं खरं मानायचं, हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. गुरुवारी संध्याकाळी खाली सगळ्यांनी जमायचं ठरलं. सिस्टरला यापुढे फाटकातून आत घ्यायचं की नाही, एवढंच विचारायचं होतं.

मला पडला प्रश्न, पण मी त्याच्यावर उशी ठेवून बसले. कारणं हवी तेवढी होती. हे गेले तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर माझ्याशेजारी रात्रभर कोण बसलं होतं, हेडबाई. नातीला शाळेत घेतलं कोणी, हेडबाईंनी. हे दात बसवायला मला हाताला धरून दंतवैद्याकडे नेलं, मी तोंड वासून पडले असताना माझी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या, परत येताना टॅक्सीत माझी लाळ पुसली, त्याही हेडबाईच. लग्न केलं नाही, बापाला सांभाळलं. बाप आता त्यांना ओळखत नाही. आणि ओळखतो कोणाला, तर मला. हा कॅप्टन कधी समुद्रावर गेलेला नाही हो. एका कचेरीत बसून जहाजांची तिकिटं विकायचा. बिल्डिंगमधली पोरं लहान असताना त्यांना मी सांगितलं होतं की या आजोबांनी एकदा वादळात जहाज वाचवलं, सगळे खलाशी पळाले, हे एकटेच दोर धरून राहिले, आणि शेवटी एका देवमाशाने जहाजाला पाठीवर घेऊन किनाऱ्याला आणून सोडलं, वर भाडंही मागितलं नाही. पोरं मोठी झाली, नाव राहिलं. तो लाजून हसायचा. मग एकेक करून त्याच्या डोक्यातून सगळं निघून गेलं, कचेरी गेली, बायको गेली, मुलीचं नाव गेलं, आणि रिकाम्या झालेल्या त्या घरात माझी थाप येऊन राहिली. गेल्या वर्षापासून मी दिसले की गंभीर चेहऱ्याने विचारायचा, आपला मासा कुठवर आला. मी म्हणायची, येतोय, वाटेत आहे. हसू यायचं, आणि जिन्यात एकटी असले की यायचं नाही.

बुधवारी लायब्ररीतून येऊन चप्पल काढते तोच हेडबाई आल्या. दात टोचतात का, विचारायला. सोबत सूपचा डबा. खुर्चीच्या कडेवर बसल्या, पाठ ताठ, जशा वर्गावर बसतात. हवापाण्याचं बोलल्या, हॉस्पिटलचं बोलल्या, बाबांना आता टाके दुखत नाहीत म्हणाल्या. मग भिंतीकडे बघितलं. “काकू, ही भिंत फार पातळ आहे, नाही?” एवढंच. मी तेव्हाच काही बोलायला हवं होतं, पण जीभ आपल्या जुन्या वाटेने सुटली. म्हटलं, पातळ कसली, परवा तुमच्याकडच्या पालीने इकडच्या पालीला शिंक आल्यावर देव भलं करो म्हटलेलं मी ऐकलं. त्या हसल्या. मीही हसले. हसणं संपल्यावर आम्ही दोघी त्या संपलेल्या हसण्याकडे बघत बसलो. डबा उद्या देते म्हटलं, त्या म्हणाल्या, घाई नाही. जाताना दारात थांबल्या, माझ्या खांद्यावरची धूळ झटकली. खांद्यावर धूळ नव्हती.

त्या संध्याकाळी मी मुलाला सांगितलं. तो बिल्डिंगचा सेक्रेटरी आहे, म्हणजे पाण्याची टाकी भरली की नाही ते बघणारा मालक. बूट काढता काढता त्याने ऐकलं, दुसरा बूट हातातच राहिला. म्हणाला, तू नक्की ऐकलंस का, दात घालत होतीस, कवळीही वाजते. सूनबाई म्हणाली की त्यांना ऐकू सगळं येतं, नको ते तर आधी. मग मुलगा माझ्याजवळ येऊन बसला, आणि लहानपणी मी त्याला औषध पाजताना जो आवाज काढायची तो आवाज काढून म्हणाला, “आई, तू शहाणी आहेस ना? मग गप्प बस. हेडबाईंची अब्रू वेशीवर टांगून आपल्याला काय मिळणार? आणि तुझं कोण ऐकणार आहे? उद्या सगळे देवमासा कुठे म्हणून विचारतील.” वाईट काही बोलला नाही पोरगा. शहाणपण म्हणजे आपल्याकडे असंच असतं. चार शहाणी माणसं म्हणजे कोण, तर लग्न मोडताना न ओरडता मोडतात ती. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, शहाण्याला शब्दाचा मार, अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. शहाण्याने काय करू नये हेच सगळे सांगतात. त्याने काय करावं, ते सांगायला तो बोडका संदेष्टा वाळवंटातून यावा लागतो, आणि तो नेमका माझ्याच भिंतीशी येऊन बसला. अंथरुणावर पडले, भिंतीकडे तोंड केलं, पाठ केली, परत तोंड केलं. पलीकडे हेडबाईंची पावलं चालू होती. चालून चालून पलंगापाशी थांबायची, आणि तिथे तर आता कोणी नव्हतं.

आमचे हे वजनमापं तपासायचे. बाजारात हिंडून दुकानदारांचे तराजू, मापं, किलोचे नि पावाचे ठोकळे तपासायचे आणि शिक्का मारायचे. माझ्या एकाही थापेवर त्यांनी कधी विश्वास ठेवला नाही आणि एकही कधी खोडून काढली नाही. नुसते ऐकायचे, जसे काट्याकडे बघायचे, हलायचं थांबेपर्यंत. एकदा एका वाण्याचा तराजू जप्त करून आणला. पारड्याखाली मेण चिकटवलेलं. चोर मेला, मी म्हटलं. हे म्हणाले की चोर नाही गं, उलट्या बाजूला लावलंय, गिऱ्हाईकाला जास्त जावं म्हणून, तिथे सगळी गरीब वस्ती आहे. मी त्यांच्याशी दोन दिवस भांडले. देवमाणूस तो, आणि तुम्ही त्याचा तराजू उचलून आणता? हे नुसते म्हणाले, “काटा खोटा आहे.” मला तेव्हा वाटलं, किती कोरडा माणूस पदरी पडला. पुढे चष्मेवाल्यांनी सांगितलं की त्सेदाकाच्याच मुळातला शब्द त्या जुन्या भाषेत तराजूलाही लावतात, नीतीचा तराजू, नीतीचं माप, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर संदेष्टा आला नाही, आले ते हे, बनियनवर, जेवणाच्या टेबलावर तो जप्त केलेला तराजू मांडून नखाने मेण खरवडत बसलेले. जे गेले त्यांना आपण उशिरा ओळखायला लागतो, आणि तेही परक्या भाषेतून.

गुरुवारी दुपारभर मी खुर्चीत बसून होते. सूपचा डबा धुऊन पालथा घातला होता. सिस्टर फाटकाबाहेर येऊन उभी राहिलेली वरून दिसत होती, पांढरे बूट, हातात डब्याची पिशवी, वॉचमन तिच्याशी बोलणं टाळायला उगाच साखळी पुसत होता. मनात म्हटलं, समजा मी बोलले नाही, तर काय होईल? सिस्टर दुसरं काम शोधेल. कोण देईल, म्हातारा पाडलेल्या बाईला? समजा बोलले, तर काय होईल? हेडबाई आयुष्यात पहिल्यांदा मान खाली घालतील, ती माझ्यामुळे. मग मला आणखी एक भीती वाटली, आणि ती सगळ्यांत खोल होती, हात घातला तर गार लागावी अशी. किंकाळी नक्की होती का? माझ्या डोक्यात इतकी जहाजं बुडून वर आली आहेत, त्यांतलीच ही एक नसेल कशावरून? मी उठले, भिंतीला कान लावला. भिंत गार होती, तिला चुन्याचा वास होता. आत माझंच रक्त वाजत होतं. आणि मग कळलं, थापेतला आवाज माझ्या मनासारखा वाढतो, कमी होतो, मी सांगेन तिथे थांबतो. हा थांबत नव्हता. हा माझा नव्हता.

खाली फाटकाजवळच्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या. हेडबाई नेहमी मधल्या खुर्चीत बसतात, त्या दिवशी त्या कडेला भिंतीशी बसल्या आणि मधे माझा मुलगा. सिस्टर फाटकाच्या पलीकडेच, आत ये असं कोणी म्हटलं नाही. सुरुवातीला टाकीच्या गळतीचं झालं. मग मुलाने घसा साफ करून विषय काढला, तिघा-चौघांनी वाईट झालं, वाईट झालं म्हटलं, व्हायोलिन मास्तर म्हणाले की आमच्या आईला ती फार जपायची पण आता भरवसा कसा ठेवणार. हात वर करायची वेळ आली तेव्हा मी हात वर केला. मुलगा म्हणाला, अजून विचारलं नाही आई. म्हटलं, मला बोलायचंय. उभी राहिले. आणि काय सांगू, समोरचे सगळे चेहरे एकदम सैल झाले. ओठ आधीच हसायच्या बेताला आले. वर्षानुवर्षं मी त्यांना हेच शिकवलं होतं, की म्हातारी उभी राहिली की मजा.

“सोमवारी सकाळी मी आमच्या खोलीत होते,” मी म्हटलं. “भिंतीपलीकडे आधी किंकाळी आली. मग पडल्याचा आवाज आला. मग लिफ्ट आली, आणि मग बेल वाजली. सिस्टर त्या बेलनंतर आत आली.”

सगळे थांबले. पुढचं ऐकायला थांबले. मास्तर म्हणाले, “मग? देवमासा जिन्याने आला का लिफ्टने?” आणि हसू पसरलं, वाईट हसू नव्हतं ते, प्रेमाचंच होतं, म्हणून जास्त लागलं. माझा मुलगा बुटांकडे बघत होता. त्या क्षणी मला जे दिसलं ते कुठल्या चाकांवरच्या डोळ्यांना दिसलं नसेल. यांना पटवायला मला एक तपशील पुरला असता. माणसाला खरं पटत नाही, बारकावे पटतात, हे माझ्याइतकं कोणाला माहीत आहे? दार किलकिलं होतं आणि मी फटीतून हेडबाईंच्या पदराचा निळा काठ बघितला, एवढं म्हटलं असतं तरी हसू जागच्या जागी गोठलं असतं. शब्द जिभेवर तयार होता, गरम, गोड. आणि तो सिस्टरच्याच बाजूने पडला असता, गरिबाच्याच पारड्यात. मी तोंड मिटलं. कवळीच्या कडा हिरड्यांत रुतल्या. जन्मात इतकं जड काही उचललं नव्हतं, जेवढं ते न बोललेलं एक वाक्य होतं.

“मग काही नाही,” मी म्हटलं. “एवढंच ऐकलं. बघितलं काहीच नाही.”

आणि बसले. हसू विझत गेलं, कारण त्याला पुढे जायला जागाच नव्हती. मी गोष्ट अर्धी सोडून बसलेली त्यांनी कधी बघितली नव्हती. कोणीतरी खुर्ची सरकवली. मास्तरांनी विचारलं, आणि या वेळी हळू विचारलं, की किंकाळी कॅप्टनची होती का.  सोमवारपासून मी तो एक प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. त्याच्या कडेकडेने चालत होते, रस्ता खणलेला असला की चालतो तशी.

“माझी होती,” हेडबाई म्हणाल्या.

त्या उभ्या राहिल्या नाहीत. बसल्या जागी डाव्या हाताची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत काळंनिळं होतं, आणि मधे दातांचा अर्धा गोल. “बाबांनी हात धरला. दोर, दोर म्हणत होते. सोडू नको, जहाज जातंय. मी म्हटलं, बाबा, मी आहे, दुखतंय. रोजच धरतात. सोमवारी चावले. मी ओरडले आणि हात ओढला, जोरात ओढला.” मग म्हणाल्या, “पडल्यावर मी त्यांना उचललं नाही. उभीच राहिले. बेल वाजली तेव्हा मला वाटलं, सुटले.”

ते जहाज माझं होतं. तो दोर मीच वळून म्हाताऱ्याच्या हातात दिलेला. हे त्या जागेत आम्हा दोघींच्याच ध्यानात आलं, आणि हेडबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही, ही त्यांची शेवटची मेहेरबानी. मला उठून त्यांच्याजवळ जावंसं वाटलं, उठले मात्र नाही. त्यांची मान खाली जाईल म्हणून मी घाबरत होते, ती गेली नाही. ताठच होती, आणि तेच बघवत नव्हतं. इतकी वर्षं भिंतीपलीकडे राहून मी त्या बाईच्या चपलांचा आवाज ओळखत होते, खोकला ओळखत होते, आणि किंकाळी आली तेव्हा ती कोणाची हे मनाला विचारलंसुद्धा नाही. न्याय मागणाऱ्याच्या तोंडूनच आवाज येणार, असं धरून चालले होते. दुसऱ्या कोणाला ओरडावं लागत असेल, हे डोक्यातच आलं नाही. आता तो आवाज पुन्हा आठवला तर त्यात सिस्टरही होती, म्हाताराही होता, हेडबाईही होत्या, वेगळं काढता येत नव्हतं. नीतीचं पारडं एकाच बाजूला झुकवलं की काम झालं, हा माझा वाण्यासारखा हिशोब.

मुलाने सगळ्यांकडे बघितलं. हात वर करायला कोणाला सांगावं ते त्याला कळेना. वॉचमनने कोणी न सांगता साखळी काढली. सिस्टर आत आली, पण खुर्च्यांपर्यंत आली नाही, फाटकाच्या खांबाशीच उभी राहिली.

“सगळ्यांसमोर म्हणा,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “मी नव्हते म्हणून म्हणा.”

हेडबाई आता उभ्या राहिल्या. शाळेत हजेरी घेतात तशा स्वच्छ, एकेक अक्षर सुटं करत म्हणाल्या, “ती तिथे नव्हती. मी खोटं सांगितलं.” काही माणसं सवयीने सरळ बसली. मग कोणी खोकलं, कोणी घड्याळ बघितलं, आणि एकेक जण आपापली खुर्ची उचलून जिन्याकडे निघाला. मास्तर जाताना सिस्टरसमोर थांबले, आईने वाट बघितलीय म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता गेले. माझा मुलगा मला हात द्यायला आला. म्हटलं, जा तू, मी बसते जरा.

आम्ही तिघीच राहिलो. हेडबाईंची बाही अजून वरच होती. सिस्टरने जवळ जाऊन तो हात नुसत्या डोळ्यांनी तपासला, मागून पुढून, जसा ती कॅप्टनचा तपासत असेल. औषध काय लावलं, विचारलं. काही नाही, हेडबाई म्हणाल्या. सिस्टरने मान हलवली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“बाबा शनिवारी घरी येतील,” हेडबाई म्हणाल्या. बाही खाली ओढली. मग म्हणाल्या, “येशील तर जरा लवकर ये. सकाळचं मला एकटीला होत नाही.”

सिस्टरने आपल्या पांढऱ्या बुटांकडे बघितलं.

“बघते,” ती म्हणाली, आणि व्हायोलिन मास्तरांच्या आईला न्हाऊ घालायला जिना चढायला लागली.